झांजेचा एकच ठोका

ब्राह्मणपारा, रायपुर
रविवार, ५ जानेवारी २०२५

चिरंजीव निवेदिता,

पूजा आटोपून देवाच्या खोलीतच बसलो आहे. आज पंडरीचा कापडबाजार बंद, त्यामुळे लिहायला वेळ आहे. काका फोन का करत नाहीत, असं तुला वाटेल. आपलं घर तुला ठाऊक आहे. मी फोनवर बोलायला लागलो की तुझी आई हातातलं काम थांबवते. तिच्यासमोर हा विषय काढायची मला हिंमत होत नाही. शिवाय गावच्या शाळेत गुरुजींनी जे चार धडे घोटून घेतले त्यांत पत्रलेखन होतं. बोलण्यापेक्षा मला तेच बरं जमतं.

नीलकंठदादाला, तुझ्या बाबांना, जाऊन पाच महिने झाले. इथल्या मंत्रालयातल्या त्याच्या जागेवर घरातल्या एकाला अनुकंपा नियुक्ती मिळू शकते, हे तू जाणतेस. अर्जाची शेवटची तारीख २८ फेब्रुवारी आहे. धाकटा पियुष अजून नववीत. तू बी.कॉम. झालेली, तुला बाबूची जागा मिळायला अडचण नाही, असं दादाच्या ऑफिसातले लोक सांगतात. अर्ज आणून मी कपाटात ठेवला आहे, दादाच्या मृदंगाशेजारी. त्यावर तुझी सही हवी, आणि तू इथे हवीस.

तुझी आई काही म्हणत नाही. विचारलं तर "पाहा तुम्ही," एवढंच. दादाचा ऑफिसचा डबा मात्र रोज घासून पालथा ठेवते.

मी जबरदस्ती करत नाही, बाळ. पण तू मुंबईत नेमकं काय करतेस हे मला खरंच कळलेलं नाही. परवा गुरुवारच्या भजनानंतर आपल्या मंडळाच्या पेटीवाल्या तुळशीरामने विचारलं. मी म्हटलं, "ऑर्केस्ट्रात वाजवते." तर म्हणाला, "म्हणजे गणपतीत येते तो? चिठ्ठीवर फर्माइश लिहून द्या लागते तो?" सगळे हसले. मीही हसलो, कारण मला उत्तर येत नव्हतं.

ते उत्तर तू लिही. मग आपण सहीचं बोलू.

तुझा
नरहरकाका


मुंबई
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप काका,

तुमचं पत्र हॉस्टेलच्या मुलींनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्यांना वाटलं कोर्टाचं काही आलं. रायपुरला मी सगळं हिंदीत शिकले, त्यामुळे माझ्या मराठीत चुका असतील. तुमच्यासारखं सुवाच्य तर नाहीच.

तुळशीरामकाकांना सांगा, फर्माइश चालत नाही. हा वेगळा ऑर्केस्ट्रा. साठ जण एकत्र वाजवतात. व्हायोलिन, बासऱ्या, पितळेची वाद्यं, नगारे. कोणी गात नाही, कोणी बोलत नाही. प्रत्येकासमोर कागद असतो आणि त्यावर त्याने कधी वाजवायचं आणि कधी गप्प बसायचं हे लिहिलेलं असतं. मी मागच्या ओळीत, नगाऱ्यांच्या शेजारी असते. घंटा, ढोल, झांज, जे हातात देतील ते वाजवते.

पण लिहून नाही कळणार. ऐकून कळेल. काका, आम्ही एक फेब्रुवारीला रायपुरला येत आहोत! नवा रायपुरच्या सभागृहात कार्यक्रम आहे. एकच मोठी रचना, चार भागांची, पाऊण तासाची. तुम्ही आईला घेऊन या. पास मी पाठवते.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर तुम्ही तिथे शोधत बसाल. त्या रचनेत मला झांजेचा एकच ठोका आहे. पाऊण तासात एक. चौथ्या भागात त्रेसष्ट आवर्तनं मोजायची, चार चार मात्रांची, आणि चौसष्टाव्याला वाजवायचं. बाकी सगळा वेळ मी बसलेली दिसेन.

मला माहीत आहे हे कसं वाटतं. घर सोडून, बाबांचं मंडळ सोडून मुंबईला गेली आणि करते काय, तर एक ठोका. म्हणून तुम्हीच ठरवा. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता ताल कळणारे घरात तुम्ही एकटे आहात. ऐकून तुम्ही म्हणालात "ये", तर मी तिथेच सही करते. म्हणालात "राहा", तर राहते. मला स्वतःला ठरवता येत नाही.

तुमची
निवेदिता


ब्राह्मणपारा, रायपुर
रविवार, १९ जानेवारी २०२५

चिरंजीव निवेदिता,

पास मिळाले. एवढा जाड कागद आमच्या दुकानात साडीच्या खोक्यालाही वापरत नाहीत.

तुझं पत्र मी मंडळात वाचून दाखवलं, सहीचा भाग सोडून. "एक ठोका?" तुळशीराम ओरडलाच. "अन् त्याच्यासाठी मुंबईहून येऊन राहिली? भैया, मले सांगितलं असतं तर मी इथूनच वाजवून दिला असता!" मग सगळ्यांनी हिशेब मांडला की आरतीत आपण प्रत्येकी किती ठोके फुकट वाजवतो. दादा असता तर त्यालाही हसू आवरलं नसतं. पण हसून झाल्यावर त्याने काही वेगळं म्हटलं असतं, असं मला सारखं वाटत राहिलं. काय, ते सुचलं नाही.

तू लहान असताना आरतीत झांज हातात आली की सोडायची नाहीस. एकदा दादाने तुझं मनगट धरून ठेवलं होतं. आठवतं का? तू रडकुंडीला आलीस. तो म्हणाला, "थांबणंही वाजवणंच असते, बेटा." मंडळात हे कोणालाच पटलं नव्हतं. आमच्याकडे झांज ज्याच्या हातात त्याने भजन संपेपर्यंत थांबायचं नाही, हीच रीत.

तू निर्णय माझ्यावर टाकलास. मी कापड मोजणारा माणूस. तरी ऐकेन आणि मनात येईल ते खरं सांगेन, हे वचन.

काही विचारायचं आहे. चप्पल बाहेर काढायची का? वाजवणाऱ्या मंडळींसाठी नारळ आणला तर कोणाच्या हातात द्यायचा? तुझ्या आईने विचारलं, पांढरी साडी चालेल का, की तिथे रंगीतच लागते. मी म्हटलं, चालेल. बरोबर सांगितलं ना?

नरहरकाका


मुंबई
२४ जानेवारी २०२५

तीर्थरूप काका,

चप्पल घालूनच आत या. नारळ आणू नका, आमच्यात तो कोणी फोडणार नाही, बसमध्ये गडगडत राहील. आईला म्हणावं, निळी नेस. बाबांनी घेतलेली.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका भागानंतर सगळं थांबतं, पण ते संपलेलं नसतं. तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत. समोर काठी घेऊन उभे असतात ते गृहस्थ लोकांकडे वळले की मग वाजवायच्या. आणि चौथ्या भागात मी उभी राहीन. तेव्हा समजा, आता.

कार्यक्रमानंतर पाचच मिनिटं भेटता येईल. बस लगेच बिलासपुरला निघणार.

रात्री झोपेतसुद्धा मोजते आहे. रूममेट म्हणते, काल मी "बावन्न" म्हणाले.

निवेदिता


ब्राह्मणपारा, रायपुर
रविवार, २ फेब्रुवारी २०२५, वसंतपंचमी

चिरंजीव निवेदिता,

काल जे ऐकलं ते मनातून जायच्या आत लिहितो.

तुळशीरामने त्याच्या व्हॅनमधून आम्हाला नेलं. तिकडच्या त्या रुंद रस्त्यांवर संध्याकाळी बस मिळायचा भरवसा नाही. पासावर मागची रांग होती. पण पुढचे सोफे साहेब लोकांसाठी राखलेले, आणि साहेब आले नाहीत. सुरू व्हायच्या आधी तिथल्या मुलांनी आम्हा मागच्यांना हाताला धरून पुढे आणून बसवलं. तुळशीराम सोफ्यावर बसून म्हणाला, "आज आपणच कलेक्टर!" तुझी आई त्याला हळूच म्हणाली, "कलेक्टर बोलत नाही जास्त." तो शेवटपर्यंत गप्प राहिला. निळीच नेसली होती.

आधी मला वाटलं, सुरुवातच बिघडली. साठ जण एकाच वेळी आपापलं काहीतरी वाजवत होते. मग सगळे थांबले. एका बाईने सनईसारख्या काळ्या वाद्यावर एकच सूर धरला आणि सगळ्यांनी आपलं वाद्य त्या सुराला मिळवून घेतलं. तेव्हा जीव जागेवर आला. हे तर आपलंच. दादा मृदंगाला कणीक लावून पेटीच्या सुराशी मिळवायचा, तेव्हा कोणी बोललं तर डोळे वटारायचा.

काठीवाले गृहस्थ आले, वाकले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तुळशीरामला ते आवडलं नाही, मला दिसलं. मला मात्र देवळातला पुजारी आठवला. तोही आपल्याकडे पाठ करूनच उभा असतो, आणि त्यात आपला अपमान नसतो. त्याचं तोंड जिकडे हवं तिकडे असतं.

पहिला भाग मला झेपला नाही, खरं सांगतो. एकदम मोठ्या पुरात उभं राहावं तसं झालं. कुठला सूर धरावा ते कळेना. दुसऱ्या भागात सगळं शांत झालं आणि एका वाद्याने, आपल्या सनईची थोरली बहीण म्हणावी असं काहीतरी, एक धून काढली. फार साधी. गावी संध्याकाळी गुरं परतायची, धूळ खाली बसायची आणि आई पडवीतून दादाला आणि मला हाका मारायची. दादाला आधी, मला नंतर. ती हाक मी चाळीस वर्षांत आठवली नव्हती. साता समुद्रापलीकडच्या त्या संगीतकाराला ती कुठून मिळाली असेल?

तू सगळा वेळ मागे बसली होतीस, पाठ ताठ, हात मांडीवर. तुझ्या शेजारचे वाजवत होते आणि तू नाही. मला पंगतीची आठवण झाली, जिथे सगळे जेवतात आणि घरची मुलगी वाढायची वाट बघत उभी असते. पण तुझ्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

मग तिसरा भाग झाला आणि चौथा. तुझा ठोका ऐकला. देवळातल्या घंटेसारखा खणखणीत, सगळ्या आवाजांच्या वर. फार छान वाजवलास.

बाहेर तू भेटलीस ती जेमतेम पाया पडण्यापुरती. डोळे लाल होते. मला कळलं, दादा आठवला असणार. तुझी आई तुझ्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि बस निघाली.

तू निर्णय माझ्यावर टाकला होतास. तर ऐक. अर्जाचं विसर. ज्याच्या ठोक्यासाठी साठ माणसं वाट बघतात त्याने टेबलावर फायली लावू नयेत. तू तिथेच राहा. इथलं काय ते मी बघतो.

नरहरकाका


मुंबई
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप काका,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. सनईची थोरली बहीण वाजवते तिला तो भाग हिंदीत करून सांगितला. ती रडायला लागली.

आता खरं सांगते. काका, मी तो ठोका वाजवलाच नाही.

मोजता मोजता आकडा सुटला. माझ्या हिशेबाने अजून बराच वेळ होता. काठीवाल्या सरांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी दचकून उभी राहिले, झांजा उचलल्या, आणि तोवर जागा निघून गेली होती. गेलेल्या जागेवर वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं. म्हणून हात तसेच खाली घेतले आणि बसले. डोळे त्यासाठी लाल होते.

आणि तो ठोका खणखणीत नसतोच. हळू असतो. एक झांज दुसरीवरून सरकवायची, इतकंच.

तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत, असं बाबा सांगायचे. दुकानात गिऱ्हाइकाला "हा रंग जाईल" असं आधीच सांगता म्हणून शेठ चिडायचे, ते पण सांगायचे. माझ्यासाठी बोललात. मला राग नाही आला. पण न वाजलेल्या ठोक्यावर मिळालेली परवानगी मी कशी घेऊ?

आमचे नगारेवाले म्हणाले, हे प्रत्येकाचं एकदा होतं. होत असेल. पण माझं नेमकं घरच्यांसमोर झालं. एक ठोका होता, तोही सांभाळता आला नाही. अर्ज पाठवा. सही करून परत पाठवते आणि महिनाअखेर येते.

निवेदिता


ब्राह्मणपारा, रायपुर
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव निवेदिता,

अर्ज पाठवत नाही. कारण शेवटी सांगतो, आधी माझा अपराध.

मी खोटं लिहिलं. तेही वसंतपंचमीला, सरस्वतीला फूल वाहून. दुसऱ्या भागानंतर माझे डोळे मिटले ते मी उघडलेच नाहीत. झोपलो नव्हतो. भजन रंगलं की माझं जे होतं तेच झालं. टाळ्यांनी भानावर आलो तेव्हा सगळे उभे होते. मला वाटलं, तुझा ठोका होऊन गेला आणि मी करंटा तेवढाच चुकलो. पोरीने एकच गोष्ट ऐकायला बोलावलं होतं आणि तीच मी ऐकली नाही, हे कोणत्या तोंडाने लिहायचं? म्हणून घंटा रचली. वचन दिलं होतं खरं सांगायचं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकानातून लवकर आलो. तुझी आई पोळ्या करत होती. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही पाहिलं होतं?"

"काय?"

"निवेदिताचं. ठोक्याचं."

पोळी उलटवून ती म्हणाली, "हव. उभी झाली, झांजा उचलल्या, अन् बसली. नाही वाजवला."

"मंग मले काहून नाही सांगितलं? मी तिले काय काय लिहून बसलो!"

"तुम्ही काय लिहिलं ते मले काय माहीत, भावजी? तुम्ही तर पत्र लपवून लिहिता." मग तवा उतरवून ठेवला. "अन् सांगून काय करू? तुमचं मन दुखलं असतं. ती तुमच्याच हाताकडे पाहून राहिली होती."

"माझ्या हाताकडे?"

"तुम्ही मांडीवर ताल धरला होता ना. डोळे मिटून. पूर्ण वेळ. यांचा हात जसा पडे, तसाच पडते तुमचा. मीच पाहून राहिली होती, तं तिचं काय."

 निवेदिता, मला आठवतही नाही की मी ताल धरला होता. भजनाला बसलेला माणूस श्वास घेतो आणि ताल धरतो, त्यात ठरवायचं काय असतं? चप्पल, नारळ, टाळ्या, सगळं विचारलं तुला. हे विचारायचं सुचलंच नाही. मागच्या रांगेत असतो तर तुला दिसलो नसतो. पुढे आणून बसवलं, आणि मंचाचा सगळा उजेड माझ्या मांडीवर.

माझा हात भजनाचा, आठ मात्रांनी एक आवर्तन धरतो. तुझं आवर्तन चाराचं. तू माझ्या हातावर मोजत गेली असशील तर त्रेसष्ट भरायला बराच अवकाश राहिला असणार. होय ना? आणि तू हे मला लिहिलं नाहीस. "आकडा सुटला" म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतलंस.

दुकानात आम्ही थान मोजत असताना कोणी मध्ये बोललं तर मोजणारा चुकला असं शेठही म्हणत नाही. पुन्हा पहिल्यापासून मोज म्हणतो.

आता अर्जाचं. मी वहिनीला म्हटलं, पोरगी सही करते म्हणते. तिने हात पुसले, कपाट उघडलं आणि मृदंगाशेजारचा अर्ज काढून चष्मा लावून वाचायला बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "यात वारसांमध्ये पहिलं नाव कोणाचं लिहिलं आहे?"

"पत्नीचं."

"मंग मी आहो ना जिती."

मी म्हटलं, वहिनी, बाबूची जागा आहे, टायपिंग लागते. ती हसली. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा हसताना पाहिली. म्हणाली, "लग्नाच्या आधी गोंदियाले हिंदी टायपिंगची परीक्षा पास झाली मी. बारावीचा कागद, तो कागद, दोन्ही ट्रंकेत आहेत. चोवीस वर्षांत कोणी विचारलंच नाही, तं दाखवू कोणाले?"

सहा महिने मी या घराचा विचार करतो आहे. तुझा केला, पियुषचा केला, दादाच्या जागेचा केला. स्वयंपाकघरात बसलेल्या माणसाला एकदाही विचारलं नाही की तुम्हाला काय हवं. "पाहा तुम्ही" म्हणायची तेव्हा मला वाटायचं, तिला सुचत नाही. ती मला पाहायला सांगत होती आणि मी डोळे मिटून बसलो होतो. सभागृहात बसलो तसाच.

बुधवारी ती आणि मी मंत्रालयात जाऊन अर्ज देणार. सही तिची.

तुझ्या काकाला क्षमा कर. आणि जमलं तर पुन्हा पहिल्यापासून मोज.

नरहर


मुंबई
२१ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप काका,

होय, तुमचाच हात. तुम्हाला कधी कळू द्यायचं नव्हतं. आईला सगळं दिसतं हे मी विसरले.

खरं सांगू? आधी मी बरोबर मोजत होते. एकोणीसपर्यंत मला नीट आठवतं. मग समोर पाहिलं आणि तो हात दिसला. चेहरा अंधारात, फक्त हात. तळवा, मग बोटं, मग तळवा. मला वाटलं बाबा बसले आहेत. आणि बाबा ताल धरून बसले असताना मी कशाला मोजू? लहानपणी मी कधी मोजलंच नाही, त्यांच्या हाताकडे बघून वाजवायचे. त्यामुळे चुकले त्याचं वाईट वाटलं, पण ते एक मिनिट मला पुन्हा दिलं तर मी पुन्हा घेईन.

आईचा फोन आला होता. म्हणाली, "अर्ज दिला, आता तू तुझं पाहा." मी विचारलं, माझ्यासाठी करते आहेस का? तर म्हणाली, "सगळं तुझ्यासाठीच असते काय? मले बाहेर जा लागते. घरात त्यांचा डबा घासून घासून झिजला." मग पियुष मागून ओरडला, "दीदी, मम्मी मेरे कंप्यूटर पे बैठी रहती है, मेरा गेम बंद हो गया!"

काका, एक तारखेला आम्ही नागपुरला वाजवणार आहोत, तीच रचना. सरांनी झांज माझ्याकडेच ठेवली आहे. तुम्ही आईला घेऊन या. पास पुढच्या रांगेचे मागितले आहेत.

आणि कृपा करून हात बांधून बसू नका. मी ओळखते तुम्हाला, तुम्ही हात मांडीखाली दाबून बसाल. तसं करू नका. तुमच्या हातासमोर मला मोजता आलं नाही, तर मग कुठेच येणार नाही.

निवेदिता


ब्राह्मणपारा, रायपुर
सोमवार, ३ मार्च २०२५

निवेदिता बाळ,

हे तुझ्या आईचं पत्र आहे. अक्षरावरून घाबरू नको, खूप वर्षांनी लिहून राहिली.

भावजींनी काल दोन वेळा लिहिलं अन् दोन्ही वेळा फाडलं. मले म्हणे, "वहिनी, तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर पोरगी म्हणेल, काका पुन्हा रचते." म्हणून मी.

ऑफिसात अर्जाची पावती भेटली. साहेब म्हणाले, वेळ लागेल, पण होईल. यांचं टेबल पाहिलं मी. खिडकीजवळ आहे. मले कधी सांगितलं नाही यांनी की खिडकी आहे म्हणून. काचेखाली आपल्या मंडळाचा फोटो अजून आहे, तू झांज घेऊन पुढे बसली आहे तो. तिथला बाबू म्हणाला, काढून देऊ काय? मी म्हटलं, राहू द्या, मी येतोच आहो.

नागपुरचं सांगतो. भावजी गाडीत पूर्ण रस्ता हाच विचार करत आले की हाताचं काय करावं. बसल्या बसल्या हात मांडीखाली घातला. तू बरोबर ओळखलं होतं. मी म्हटलं, "भावजी, पोरीनं काय लिहिलं?" तेव्हा कुठं हात काढला. पहिले पहिले नुसताच ठेवला होता, लाकडासारखा. मंग भावजी सांगतात ती गुराढोरांची धून आली, अन् त्यांचे डोळे मिटले, अन् हात आपला आपण चालू झाला.

चौथ्या भागात तू उभी झाली. मी भावजींना कोपरानं ढोसलं नाही. डोळे मिटलेलेच राहू दिले. हात चालू होता. तू त्या हाताकडे पाहिलं. मले दिसलं, चांगली दोन घडी पाहिलं. मी मनात म्हटलं, गेली पुन्हा.

मंग तू नजर काढून घेतली. हळूच, जसं यांच्या हातून ताट घेतलं की मी माझ्या कामाकडे वळत असे. तुझे ओठ हलून राहिले होते.

किती बारीक आवाज असते ग तो. रेशमी कापड फाडल्यावाणी. बाजूच्या बाईनं तर ऐकलाही नसेल. भावजींचा हात तिथल्या तिथे थांबला. डोळे न उघडताच मले विचारलं, "वहिनी?"

मी म्हटलं, "हव. वाजला."

आई